तांब्याचे हाताने घडवलेले दागिने आणि खडे : चिंच लावायच्या आधी हे वाचा

ठोक्याठोक्याने | ६ ऑक्टोबर, रात्री ९:१०

मंडळी, मी सोलापुरात विजापूर रोडला राहते. गेली सात वर्षं तांब्याचे दागिने हाताने घडवते. पत्रा कापणं, ठोकणं, कोंदण करणं, खडा बसवणं, सगळं घरच्या मागच्या खोलीत चालतं. हा धागा काढायला निमित्त झालं ते आमच्याच घरातलं.

आईच्या साठाव्या वाढदिवसाला मी तिला मॅलाकाइटचं पेंडंट करून दिलं होतं. मॅलाकाइट म्हणजे तो गडद हिरवा दगड, ज्यात फिकट आणि गडद पट्टे एकाभोवती एक फिरत जातात. त्या पट्ट्यांचा डोळा बरोबर मध्यावर यावा म्हणून तो तुकडा निवडायलाच मला महिना लागला होता. यंदा दसऱ्याला भांडी काढली. ताम्हन, पळी-पंचपात्र, पाण्याचा मोठा तांब्या. आईने चिंच कोळली, मूठभर मीठ घातलं आणि सगळं पातेल्यात भिजत टाकलं. "हेही तांब्याचंच की," म्हणून गळ्यातलं पेंडंटही त्यात सोडलं. दुपारभर ते तिथेच होतं.

संध्याकाळी मी आले तेव्हा तिने ते माझ्या तळहातावर ठेवलं. तांबं लालभडक, चकचकीत. दगडाची झिलई मात्र पार गेलेली. पट्टे दिसत होते, पण धुकं धरल्यासारखे. बोट फिरवलं तर पाटीवर फिरवल्यासारखं खरखरीत लागलं. कोंदणाच्या कडेला, जिथे चिंचेचं पाणी साचून राहिलं, तिथे दगड आणि धातूच्या मध्ये केसाएवढी फट पडली होती. आईचा चेहरा बघून मला पुढे काही बोलवेना. तिला सांगितलं कोणी होतं? देताना मीच सांगायला हवं होतं. ते आता इथे सगळ्यांसाठी लिहिते.

तांबं उजळवणारं जवळजवळ सगळं आंबट असतं. चिंच, लिंबू, आमसूल, आंबट ताक, व्हिनेगर. आम्लात तांब्यावरचा काळा थर विरघळतो आणि खालचा लाल धातू वर येतो. पण तेच आम्ल मऊ खड्यांनाही खातं. मॅलाकाइट, मोती, पोवळं हे तिन्ही कार्बोनेट आहेत, त्यांना आंबट पाण्याचा थेंबही लागू देऊ नये. लाजवर्द म्हणजे गडद निळा खडा, त्यात जे पांढरे डाग दिसतात ते कॅल्साइटचे, तेही आम्लात झिजतात आणि खड्याला खड्डे पडतात. पिरोजा वेगळ्या कारणाने नाजूक. तो सच्छिद्र आहे, तेल, घाम, अत्तर, साबण, जे लागेल ते पितो आणि निळ्याचा हिरवट होत जातो. एकदा हिरवट झाला की परत आणता येत नाही. अकीक, स्फटिक, गुलाबी क्वार्ट्झ ही मंडळी त्यामानाने चिवट.

तेव्हा खडा असलेला दागिना भिजत घालायचा नाही, चिंचेत नाही आणि साबणाच्या पाण्यातही नाही. मी स्वतः सफाई अशी करते: मऊ सुती कापड कोमट पाण्यात बुडवून पिळते, त्याला सौम्य साबणाचा एक थेंब, खडा पुसून लगेच दुसऱ्या कापडाने कोरडा. तांब्याचा भाग काळा पडला असेल तर कापसाच्या बोळ्याने, खड्यापासून लांब राहून, लिंबाचा रस फक्त धातूला. मीठ अजिबात नाही. मग ओल्या कापडाने तीन-चार वेळा पुसून लिंबू पूर्ण काढायचं. कोंदणाला लागून जो काळा पट्टा राहतो तो राहू द्यायचा, त्याच्या मागे लागायचं नाही.

आणि खरं तर एवढंही रोज लागत नाही. अंगावरून काढल्यावर लगेच कोरड्या कापडाने पुसून ठेवलं तर वर्षातून दोनदा उजळवणं पुष्कळ झालं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ ला जातो, अंगाला घामाचं मीठ असतं. तो घाम तसाच वाळू दिला की दुसऱ्या दिवशी ठिपके दिसतात.

तुमचे अनुभव लिहा. खराब झालेल्या दागिन्यांचे तर जरूर लिहा.

नवीपेठ | ६ ऑक्टोबर, रात्री १०:०२

ताई, तुमच्यासारख्याच एकांकडून घेतलेलं कडं मी रोज घालते. दुपारपर्यंत मनगटावर हिरवी रेघ उमटते. ऑफिसात सगळे विचारतात, विषारी नाही ना? मी दोन दिवस झाले काढून ठेवलंय.

ठोक्याठोक्याने | ६ ऑक्टोबर, रात्री १०:२०

घाला हो, बिनधास्त घाला. घामातलं मीठ आणि आम्ल तांब्याला लागून तांब्याचे क्षार होतात, ते कातडीवर बसतात. साबणाने धुतलं की जातात. कड्याच्या आतल्या बाजूला मेणाचा पातळ हात दिला तर रेघ पुष्कळ कमी होते. मात्र खाज किंवा पुरळ येत असेल तर डॉक्टरांना दाखवा. तशी तक्रार बहुतेक वेळा निकेलमुळे येते, तांब्यामुळे क्वचित. कान नवीन टोचलेले असतील तर तांब्याची तार त्यात घालू नका, एवढंच.

चिंचगूळ | ७ ऑक्टोबर, सकाळी ७:४५

मी सत्तरीची आहे. आमच्या सासूबाई चिंच आणि विटकरीच्या पुडीने घासायच्या, भांडी आरशासारखी व्हायची. गळ्यातलं-हातातलं पण त्यातच. काही बिघडलं नाही कधी. उगाच घाबरवू नये लोकांना. तांब्याचं कडं घातलं की माझा सांधेदुखीचा त्रासही कमी असतो, ते कधी काळं पडलं तर मी चिंचच लावते आणि लावणार.

ठोक्याठोक्याने | ७ ऑक्टोबर, सकाळी ८:३०

काकू, तुमचं कडं नुसत्या तांब्याचं आहे ना, खडा नसलेलं? मग चिंच खुशाल लावा, फक्त मीठ टाळा आणि नंतर भरपूर पाण्याने धुवा. सासूबाईंच्या दागिन्यांतही बहुधा खडा नसणार. विटकरीची पूड मात्र दागिन्याला नको. तांबं फार मऊ असतं, विटकरीतल्या वाळूने त्यावर बारीक ओरखडे येतात. ताम्हनावर ते शोभून जातात, पण ठोक्यांची नक्षी असेल तर ठोक्यांच्या कडा बोथट होत जातात. दोनशे ठोके मारून जी चमक आणलेली असते ती चार घासण्यांत निघून जाते. मला हे डोळ्यांदेखत झालेलं माहीत आहे.

पाटीपेन्सिल | ७ ऑक्टोबर, दुपारी १:१५

मी माध्यमिक शाळेत रसायनशास्त्र शिकवतो. ठोक्याठोक्याने यांनी मॅलाकाइटचं जे लिहिलं त्यात एक भर घालावीशी वाटते. मॅलाकाइट हे रासायनिक दृष्ट्या तांब्याचं कार्बोनेटच आहे. जुन्या तांब्यावर वर्षानुवर्षं हवेत जो हिरवा थर चढतो त्यातही हेच संयुग सापडतं. म्हणजे चिंचेला 'भांड्यावरचा हिरवा थर' आणि 'पेंडंटमधला हिरवा दगड' यांत फरक कळण्याचं कारणच नाही. ती दोन्ही विरघळवते. वर्गात मी हेच उदाहरण देणार आहे आता.

मिठाबद्दल. चिंच आणि मीठ एकत्र आलं की तांबं झटकन उजळतं, कारण मिठातलं क्लोराइड मदत करतं. पण ते क्लोराइड एखाद्या खाचेत राहिलं तर तांब्याशी मिळून क्षार होतो, आणि दमट हवेत तो पुन्हा पुन्हा फिकट हिरवी भुकटी काढत राहतो. तुम्ही पुसता, आठवड्याने परत तिथेच. अशा ठिकाणाला चोळून उपयोग नाही. ऊर्ध्वपातित पाण्याने पुन्हा पुन्हा धुऊन पूर्ण कोरडं करायचं. मोटारीच्या बॅटरीत घालायचं पाणी तेच असतं, कुठल्याही बॅटरीच्या दुकानात मिळतं.

काकूंच्या सांधेदुखीबाबत नम्रपणे: यॉर्क विद्यापीठात २०१३ साली संधिवाताच्या ७० रुग्णांवर तांब्याच्या कड्यांची चाचणी झाली, त्यात वेदना किंवा सूज कमी झाल्याचं दिसलं नाही. कडं घालायला हरकत काहीच नाही, औषध मात्र थांबवू नका.

चिंचगूळ | ७ ऑक्टोबर, सायंकाळी ६:००

औषध चालूच आहे सर. मिठाचं माहीत नव्हतं. माझ्या कड्याच्या टोकाला जोड आहे, तिथं तसा हिरवा ठिपका खरंच परत परत येतो. आमचे वडील त्याला जंगाल म्हणायचे.

तांबटवाडा | ८ ऑक्टोबर, रात्री ११:३०

आमचं मूळ घराणं पुण्याच्या कसब्यातल्या तांबट आळीतलं. माझे आजोबा बंब आणि हंडे घडवायचे, वडील नोकरीनिमित्त सोलापुरात आले आणि इथलेच झाले. हा धागा वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

आमच्याकडेही चिंच वापरायचेच. पण कधी? तांबं तापवून मऊ करतात तेव्हा भट्टीतून ते काळंकुट्ट निघतं. त्या काळपटावर चिंच. मग घासून लाल करून त्यावर मठारकाम, म्हणजे हातोडीचे एकाला एक लागून ठोके. चिंच हे घडवणाऱ्याचं हत्यार आहे, आणि तेव्हा खडा-बिडा काही नसतो. दागिन्यात खडा सगळ्यांत शेवटी बसतो. आता दागिना वापरणाऱ्याने घडवणाऱ्याचं पहिल्या टप्प्यातलं काम शेवटच्या टप्प्यानंतर करायला घेतलं, तर असंच व्हायचं.

दुसरी गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून सांगतो. तांबं ठोकलं की कडक होतं. वाकवलं तरी कडक होतं. उघड्या तोंडाचं कडं लोक दोन्ही हातांनी फाकवतात, घालतात आणि परत दाबतात. दिवसातून दोनदा. वर्षभरात मधोमध भेग पडते, मग म्हणतात माल खराब. मनगटाची बाजू जिथे चपटी आणि हाडाजवळ अरुंद असते तिथून कडं आडवं सरकवायचं, मग फिरवायचं. तोंड फाकवायची गरज पडत नाही. मापाला फार घट्ट असेल तर ज्यांनी घडवलं त्यांच्याकडे न्यावं. ते तापवून मऊ करून माप बदलतील. खडा असेल तर आधी तो काढावा लागतो, त्यामुळे माप घेतानाच नीट द्यावं.

आजोबा हंड्यावर हात फिरवून सांगायचे की कोणत्या ठोक्याला हातोडी तिरकी पडली. मी लहान असताना मला सगळे सारखेच वाटायचे.

ठोक्याठोक्याने | ९ ऑक्टोबर, सकाळी ६:५०

तांबटवाडा, तुमचा प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला. "शेवटच्या टप्प्यानंतर" हे तिला एकदम पटलं. मनापासून आभार.

भाकरीपोळी | ९ ऑक्टोबर, दुपारी ३:४०

माझी पिरोजाची अंगठी. घेतली तेव्हा आभाळासारखी निळी, आता शेवाळी. मी चिंच-लिंबू काही लावलं नाही हो. रोज घालते फक्त.

ठोक्याठोक्याने | ९ ऑक्टोबर, दुपारी ४:०५

भाकरी थापताना काढता का?

भाकरीपोळी | ९ ऑक्टोबर, दुपारी ४:१२

नाही. चटणी कुटतानाही नाही.

ठोक्याठोक्याने | ९ ऑक्टोबर, रात्री ९:३०

तिथंच आहे बघा. ज्वारीचं पीठ आपण गरम पाण्यात मळतो, ते कोंदणाच्या फटीत जाऊन बसतं आणि सिमेंटसारखं वाळतं. शेंगा कुटताना तेल सुटतं, ते पिरोजा पितो. माझ्याकडे एक अंगठी दुरुस्तीला आली होती, खडा काढला तर खाली पिठाची पूर्ण चकती निघाली, मधोमध कडक आणि कडेने बुरशी धरलेली. खडा हलायला लागला होता तो त्याच्यामुळेच.

रंग परत येणार नाही. पण आहे तो टिकवता येईल. ओट्याजवळ खिळा ठोकून एक छोटी वाटी अडकवा आणि कामाला लागताना अंगठी त्यात टाका. आधी अत्तर, क्रीम, तेल, सगळं लावून वाळू द्या, मग दागिना घाला. आणि नख न लागता पीठ काढायचं असेल तर बांबूची टूथपिक वापरा, सुई नको.

एक शंका मात्र दूर करून घ्या. बाजारात पिरोजा म्हणून रंगवलेला हाउलाइट, म्हणजे एक पांढरा दगड, पुष्कळ विकतात. खड्याच्या मागच्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी, नेलपॉलिश काढायच्या द्रवात बुडवलेला कापूस टेकवून बघा. निळा रंग कापसाला आला तर तो रंगवलेला.

रानगारगोटी | १० ऑक्टोबर, रात्री ८:२०

आमचं रान मोहोळ तालुक्यात. नांगरट केली की काळ्या मातीतनं गारगोट्या निघतात बघा. बाहेरनं ओबडधोबड, फोडली की आत पांढरे-राखाडी पट्टे. पोरगी म्हणाली ह्याचं लॉकेट करून आण. होतंय का? का ते पण चिंचेनं जातंय?

ठोक्याठोक्याने | ११ ऑक्टोबर, सकाळी १०:००

दादा, पट्टे असलेली गारगोटी म्हणजे बहुतेक अकीक. आपला सगळा भाग दख्खनच्या काळ्या दगडावर आहे, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. लाव्हा थंड होताना त्यात वायूच्या पोकळ्या राहिल्या, त्यात पुढे सिलिका थराथराने साचत गेली. तेच पट्टे. तांब्यात बसवायला याच्यासारखा दगड नाही. काठिण्य १ ते १० च्या मापावर जवळपास ७, चिंचेने काही होत नाही, घामाने होत नाही, धुळीने ओरखडत नाही. घरातल्या धुळीतही वाळूचे बारीक कण असतात, म्हणून मऊ खडे कोरड्या कापडाने जोरात घासले की अंधुक होतात. तुमच्या गारगोटीला ती भीती नाही.

मुलीला सांगा, लॉकेट नक्की होईल. कापायचं काम मात्र पाण्याखाली करतात, सुकी पूड श्वासात जाऊ द्यायची नाही. घरी ग्राइंडरवर प्रयत्न करू नका.

नवीपेठ | ११ ऑक्टोबर, दुपारी १२:२५

माझ्याकडे जांभळ्या स्फटिकाचे झुमके आहेत. धुऊन गच्चीवर वाळत ठेवले तर चालतील?

ठोक्याठोक्याने | ११ ऑक्टोबर, दुपारी १२:४०

नको. जांभळा स्फटिक खूप दिवस उन्हात राहिला की फिका पडतो. पंख्याखाली, सावलीत.

ओवीगाठ | १२ ऑक्टोबर, रात्री १०:१५

आमच्याकडे पटवेकरीचं, म्हणजे माळा ओवण्या-गाठवण्याचं काम चालतं, म्हणून दोऱ्याबद्दल लिहिते. खड्यांच्या माळा घेऊन लोक येतात तेव्हा मणी धुवून आणलेले असतात आणि दोरा ओला असतो. ओला दोरा आतून कुजतो, बाहेरून कळत नाही. मग लग्नात, गर्दीत माळ तुटते. रोजची माळ दरवर्षी गाठवून घ्यावी. प्रत्येक मण्यानंतर गाठ मागावी, त्यामुळे मणी एकमेकांवर घासत नाहीत आणि दोरा तुटला तरी एकच मणी पडतो. मध्ये तांब्याचे मणी असतील तर भोकाच्या आत हिरवं होतं आणि तिथेच दोरा कापला जातो. आम्ही भोकातून आधी मेण लावलेला दोरा दोनदा ओढून घेतो.

आणि माळ खुंटीला टांगू नका, आडवी ठेवा. ताणून दोरा लांबतो.

भीमाकाठ | १३ ऑक्टोबर, सकाळी ९:३०

मेणाऐवजी पारदर्शक नेलपॉलिश लावलं तर? सोपं पडतं.

तांबटवाडा | १३ ऑक्टोबर, रात्री ११:०५

नका लावू. ते कडेने सुटतं, सुटलेल्या पापुद्र्याखाली घाम शिरतो आणि तिथे वेडेवाकडे काळे नकाशे उठतात. मग सगळं खरवडून काढावं लागतं. मधमाशांचं मेण घ्या, हेअर ड्रायरने दागिना जरा कोमट करा, कापडाला मेण चोळून पातळ हात फिरवा आणि लगेच पुसून टाका. पुसल्यावर काही लावलंय असं दिसता कामा नये. जाड राहिलं तर आपल्या उन्हाळ्यात चिकट होऊन धूळ धरतं. मोती, पिरोजा असेल तर ड्रायर नको, नुसतं हाताच्या उबेने.

ठोक्याठोक्याने | १३ ऑक्टोबर, रात्री ११:२०

सहमत. पुसायच्या कापडाबद्दल एक. आपल्या गावात टॉवेलचे कटपीस स्वस्त मिळतात म्हणून मीही सुरुवातीला तेच वापरायचे. टॉवेलचे फासे खडा धरून ठेवणाऱ्या धातूच्या नखांत अडकतात आणि नख उचकटतं. धुऊन धुऊन मऊ झालेल्या धोतराचा तुकडा सगळ्यांत चांगला. ठेवताना प्रत्येक दागिना वेगळ्या सुती पिशवीत. रबरबँड गुंडाळू नका, रबरातल्या गंधकाने तांबं काळं पडतं. मुद्दाम काळी केलेली नक्षी असेल तर ती गंधकानेच केलेली असते, तिच्यावर लिंबू फिरवलं तर नक्षीच पुसली जाते. घेताना कारागिराला विचारा, हा काळा रंग ठेवायचा आहे का.

चिंचगूळ | २ नोव्हेंबर, सकाळी ८:१०

बॅटरीच्या पाण्याने कड्याचा जोड आठ दिवस धुतला, रोज पाणी बदललं. पंधरा दिवस झाले, जंगाल आलं नाही. सरांना सांगा.

पाटीपेन्सिल | २ नोव्हेंबर, सकाळी ११:४५

वाचलं काकू. फार बरं वाटलं.

ठोक्याठोक्याने | १९ जानेवारी, रात्री ९:५५

बऱ्याच जणांनी आईच्या पेंडंटचं पुढे काय झालं विचारलं होतं. कोंदण उघडून दगड बाहेर काढला आणि खडे घासणाऱ्या एका अनुभवी कारागिराकडे दिला. त्यांनी पाण्याखाली घासून वरचा मेलेला थर काढला आणि पुन्हा झिलई दिली. मॅलाकाइटची पूड तांब्याची असल्यामुळे शरीराला वाईट, म्हणून हे काम मी स्वतः केलं नाही. दगड पातळ झाला. पट्ट्यांचा डोळा जरासा डावीकडे सरकला, कारण खालचा थर तसा होता. जुनं कोंदण खोल पडायला लागलं म्हणून नवीन केलं, कडा पूर्वीपेक्षा बुटकी.

गड्ड्याच्या यात्रेला, म्हणजे आपल्या सिद्धेश्वराच्या जत्रेला, आईने ते घातलं. होम मैदानावरून परत येताना धुळीने आम्ही दोघी माखलो होतो. घरी आल्यावर मी हातपाय धुऊन बाहेर येईपर्यंत ती धोतराच्या तुकड्याने पेंडंट पुसत बसली होती, आधी फुंकर मारून धूळ उडवायची, मग पुसायचं, दगडाला वेगळा कोपरा आणि तांब्याला वेगळा. पुसून झाल्यावर तिने ते पिशवीत घालून कपाटात ठेवलं. देवघरातल्या ताम्हनाशेजारी पेंडंटची जी जागा होती, तिथे आता ठेवत नाही.